पाच सवाष्णी

(दृश्य : मांडवाच्या दारात उखळ. दोन मुसळं, आंब्याची पानं बांधलेली. ताटात हळकुंडं.)

"पाच सवाष्णी या गं पुढं!"

हा आवाज माझा आहे. भावाच्या लग्नात, घाणा भरायच्या वेळी मीच हाक दिली. पाच कशाला, आठ-दहाजणी उठल्या. आई उखळापाशीच बसली होती. हळकुंडं तिनंच निवडली होती, मुसळांना पानंही तिनंच बांधली होती. हाक ऐकली तसं तिनं हातातलं दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि "चहाचं बघते" म्हणत आत गेली. चहा मघाशीच झाला होता.

तिला कुणीही जा म्हटलं नव्हतं.

बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आईच्या बांगड्या आम्ही फोडू दिल्या नाहीत, कुंकू पुसू दिलं नाही. त्याचा मला अभिमान होता. आणि त्याच तोंडानं मी तिला उठवलं.

(दृश्य : हेरवाड, ग्रामपंचायतीची इमारत.)

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं हे हेरवाड. मे २०२२ मध्ये या गावानं ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. फार मोठं काम झालं ते. पण ठराव हात धरू शकतो, जीभ कशी धरणार?

मुंबईत १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. वस्तरा कधीच थांबला. 'बोडकी' हा शब्द भांडणात अजून निघतो.

(दृश्य : काचेच्या बांगड्यांचं दुकान. मनगटावर बांगडी चढवणारे हात.)

बांगडी फुटली तर आपण 'वाढली' म्हणतो. मंगळसूत्र तुटलं तर तेही 'वाढलं'. फुटणं आणि तुटणं हे शब्द कुणासाठी राखून ठेवलेत, ते मुलींना न सांगता कळतं. "हात भुंडे ठेवू नकोस," हे मी शाळेला जाताना रोज ऐकलं. परवा माझ्याच मुलीला म्हणाले. तिनं विचारलं, "भुंडे म्हणजे काय गं?" मला सांगवेना.

पारावर मित्र मित्राला 'रांडेच्या' म्हणून हाक मारतो, अगदी प्रेमानं. रांड म्हणजे मुळात विधवा. माझा भाऊही सर्रास म्हणायचा. बाबा गेल्यावर त्यानं तो शब्द टाकला. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

(दृश्य : छापखाना. संगणकाच्या पडद्यावर लग्नपत्रिका.)

पत्रिकेच्या वेळी छापखान्यातल्या मुलानं विचारलं, "ताई, आईंच्या नावाआधी काय लावू? गं. भा.?" म्हणजे गंगा भागीरथी. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी हाच शब्द वापरावा असा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा बायकांनीच त्यावर टीका केली. शब्द पवित्र केला म्हणून शिक्का पुसत नाही. त्याच पत्रिकेत आमच्या काकांचंही नाव होतं. काकू जाऊन बरीच वर्षं झालीत, पण त्यांच्या 'श्री.'ला कुणी हात लावलेला नाही.

आईचं नाव आम्ही नुसतंच छापलं. आधी काही नाही.

(दृश्य : फुलांच्या माळा लावलेला पाळणा.)

भावाच्या मुलीचं बारसं. आदल्या रात्री मी मनाशी घोकत होते, तो शब्द तोंडात येऊ द्यायचा नाही. सवय वाईट असते. 'सवा' इतकं आलंच ओठांवर. गिळलं, आणि म्हणाले, "सगळ्याजणी या गं पाळण्यापाशी."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. हातात घुगऱ्यांचं पातेलं. क्षणभर तिथंच थांबली. मग पातेलं ओट्यावर ठेवून आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मी कुठल्या बाजूला उभी राहू?"