चेकर्स, ओल्ड नेप आणि स्नोबॉल

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

२३ सप्टेंबर १९५२ च्या रात्री रिचर्ड निक्सन टीव्हीवर आले. उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, वय ३९, आणि कारकीर्द जवळजवळ संपल्यात जमा. समर्थकांनी गोळा केलेल्या १८,००० डॉलरांच्या निधीवरून गदारोळ माजला होता आणि स्वपक्षातलेच लोक त्यांच्यावर उमेदवारी सोडायचा दबाव आणत होते. निक्सननी घरावरचं कर्ज, विमा, बायकोचा साधा कापडी कोट, सगळं लोकांपुढे मांडलं. मग म्हणाले, एक भेट मात्र आम्ही घेतली. आमच्या मुलींना कुत्रा हवाय हे टेक्ससमधल्या एका माणसाच्या कानावर गेलं आणि त्यानं पेटीतून कॉकर स्पॅनियलचं पिल्लू धाडलं. सहा वर्षांच्या ट्रिशियानं त्याचं नाव चेकर्स ठेवलं. पोरींचा त्याच्यावर जीव आहे. कोणी काहीही म्हणो, कुत्रा आम्ही परत देणार नाही.

कुत्रा परत द्या असं कोणी म्हटलंच नव्हतं. तरी तारांचा पाऊस पडला, उमेदवारी टिकली, आणि ते भाषण आजही त्या कुत्र्याच्या नावानंच ओळखलं जातं. निक्सन मुरलेले राजकारणी होते. लहान मुलीचा कुत्रा हिसकावणाऱ्याच्या बाजूनं अमेरिकेत कोणी उभं राहणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ही खात्री या देशात कुठून आली, आणि ती कुणाकुणाच्या मुलांना लागू होती, एवढंच आज मला बोलायचं आहे. प्राण्यांवरचं प्रेम वगैरे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी 'आई, डॉगी घेऊया ना' हे पालुपद चालू असणार.

सुरुवात खारीपासून करू. अठराव्या शतकातल्या वसाहतींमध्ये श्रीमंत घरच्या मुलांचा लाडका प्राणी म्हणजे खार. बॉस्टनचे चित्रकार जॉन सिंगल्टन कॉप्ली यांनी १७६५ मध्ये आपल्या सावत्र भावाचं, हेन्री पेलमचं चित्र काढलं. पॉलिश केलेलं टेबल, त्यावर पाण्याचा पेला, मुलाच्या बोटांत सोन्याची बारीक साखळी आणि साखळीच्या टोकाला उडती खार. बेंजामिन फ्रँकलिन लंडनला राहत असताना अमेरिकेहून आणवलेली एक खार त्यांनी एका बिशपच्या मुलीला दिली होती. मंगो तिचं नाव. ती पिंजऱ्यातून निसटली आणि कुत्र्याच्या तोंडी सापडली. १७७२ मध्ये फ्रँकलिननी त्या मुलीच्या सांत्वनासाठी मंगोचा मृत्युलेख लिहून पाठवला, अर्धा गंभीर, अर्धा थट्टेचा.

या हौसेला तत्त्वज्ञानाचा आधारही होता. जॉन लॉक यांनी १६९३ मध्येच शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात एका आईचं कौतुक केलं होतं. तिच्या मुली कुत्रा, खार, पक्षी जे मागतील ते ती आणून द्यायची, पण अट एकच: त्यांची नीट देखभाल झाली पाहिजे. म्हणजे प्राणी हे मुलाला वळण लावण्याचं साधन. हा विचार अमेरिकेच्या अंगात पुढे इतका मुरला की आजही बाप लोक 'जबाबदारी कळेल' म्हणूनच कुत्रा आणतात, आणि महिन्याभरानं स्वतःच त्याला फिरवतात.

अर्थात ही गोष्ट दिवाणखान्यातली. शेतावरच्या मुलाच्या वाट्याला कुत्रा यायचा तो राखणीचा किंवा शिकारीचा, मांजर यायची ती उंदरांसाठी. आणि याच देशात तिसऱ्या प्रकारचंही बालपण होतं. फ्रेडरिक डग्लस मेरीलँडच्या मळ्यावर गुलाम म्हणून वाढले. १८५५ च्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय की भुकेपायी स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली पडलेल्या तुकड्यांसाठी ते मळ्यावरच्या कुत्र्याशी झगडत. कुत्र्याचं नाव ओल्ड नेप. मूल आणि कुत्रा एकत्र असलेलं हेही अमेरिकेतलंच दृश्य, पण ते शुभेच्छापत्रावर कधी छापलं गेलं नाही. ज्या गुलाम कुटुंबांनी स्वतः कुत्री पाळली होती त्यांचं काय? थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना डिक नावाचा मॉकिंगबर्ड पाळत. तो घरात मोकळा उडायचा, त्यांच्या खांद्यावर बसायचा. त्याच जेफरसननी डिसेंबर १८०८ मध्ये आपल्या मुकादमाला लिहिलं की लोकरीसाठी मेंढ्या जगवायच्या तर गुलामांची कुत्री मारून टाका, एकही सोडू नका. त्या झोपड्यांमधून त्या दिवशी किती पोरं रडली असतील, याची नोंद कोण ठेवणार?

यादवी युद्ध संपलं आणि दयेची चळवळ आली. १८६६ मध्ये न्यूयॉर्कला हेन्री बर्ग यांनी प्राण्यांवरचं क्रौर्य रोखणारी संस्था काढली. दोन वर्षांनी बॉस्टनमध्ये जॉर्ज एंजेल यांनी तसंच काम सुरू केलं. बर्ग यांचा भर गाडीवानांना कोर्टात खेचण्यावर होता, तर एंजेल यांची नजर मुलांवर. मोठे सुधारणार नाहीत, मुलांना धरा, असा त्यांचा हिशेब. १८८२ मध्ये त्यांनी 'बँड ऑफ मर्सी' या नावानं शाळाशाळांतून, चर्चमधून मुलांची मंडळं काढली. मुलांनी शपथ घ्यायची: मी प्राण्यांशी दयेनं वागेन आणि त्यांना छळापासून वाचवेन. रोख मुख्यतः मुलग्यांवर होता, कारण मांजरीच्या शेपटीला डबा बांधणारे तेच. जो आज पक्ष्याचं घरटं मोडतो तो उद्या माणसाचं डोकं फोडेल, अशी मोठ्यांची भीती होती. मला या चळवळीबद्दल आदर आहे आणि थोडी शंकाही. तिनं खरोखर लाखो जनावरांचे हाल थांबवले. पण तिच्या साहित्यातल्या गोष्टींमधला मुलगा प्राण्यावर प्रेम करतो ते चांगला नागरिक होण्यासाठी. नुसतं आवडतं म्हणून खारीशी खेळणारा मुलगा त्यात फारसा भेटत नाही.

याच काळातली मेरी एलन विल्सनची हकिगत बऱ्याच जणांनी ऐकली असेल. १८७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या या मुलीला घरात मारहाण व्हायची. एटा व्हीलर नावाच्या समाजसेविकेनं बर्ग यांच्याकडे धाव घेतली. 'ही मुलगी म्हणजे प्राणीच आहे, असं म्हणून तिला प्राण्यांच्या कायद्याखाली सोडवलं,' असं नेहमी सांगतात. ते खरं नाही. वकिलांनी माणसांसाठीच्या जुन्या कायद्याचा आधार घेतला होता. खरी गोष्ट मात्र कमी बोचरी नाही. मुलांवरचा छळ थांबवणारी संस्था या प्रकरणानंतर निघाली, प्राण्यांची निघून तोवर आठ वर्षं झाली होती.

आता आपल्या न्यूअर्ककडे या. डिसेंबर १८८५. पिसाळलेला समजला गेलेला एक कुत्रा कामगारवस्तीतल्या मुलांना चावला. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये रेबीजची लस पहिल्यांदा एका मुलाला टोचली होती. इथल्या डॉक्टरांनी वर्तमानपत्रातून आवाहन केलं, वर्गणी जमली आणि चार मुलं बोटीनं फ्रान्सला निघाली. सगळ्यात धाकटा पाच वर्षांचा, म्हणून त्याची आई सोबत. वर्तमानपत्रं रोज बातमी छापत होती: आज टोचलं, आज बरं आहे, आज खेळले. जानेवारीत चौघं सुखरूप परतले. आणि मग काय झालं? न्यूयॉर्कच्या बाउरी भागातल्या एका दहा सेंटांच्या तमाशाघरात त्यांना लोकांना बघायला उभं केलं. देशानं ज्यांच्यासाठी वर्गणी काढली त्याच मुलांवर तिकीट लावलं. पण प्रयोगशाळेतल्या संशोधनानं माणूस वाचतो, ही गोष्ट सामान्य अमेरिकन घरात पोहोचली ती या पोरांमुळे. न्यूअर्कला कामाला जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी किती जणांना हे माहीत आहे, कोण जाणे.

व्हाइट हाउसमधल्या मुलांचे प्राणी हा स्वतंत्र आणि जरा अतिच गोड विषय आहे. थिओडोर रूझवेल्ट यांच्या धाकट्या क्वेंटिननं आजारी भावाला बरं वाटावं म्हणून तट्टू लिफ्टमधून वरच्या मजल्यावर नेलं, एवढं सांगून सोडतो. त्यापेक्षा मला लिंकनच्या मुलांचा फिडो आवडतो. १८६१ मध्ये स्प्रिंगफील्ड सोडताना या भित्र्या कुत्र्याला गर्दी-गोंगाट सोसणार नाही म्हणून ओळखीच्या सुताराच्या घरी ठेवलं. त्याच्या आवडीचा सोफासुद्धा सोबत दिला आणि जाण्याआधी स्टुडिओत नेऊन त्याचा फोटो काढला.

विसाव्या शतकात बाजार आला. १९२२ मध्ये घोड्याच्या मांसाचं डबाबंद कुत्र्याचं खाद्य, १९४७ मध्ये मिशिगनच्या एडवर्ड लोव यांनी मांजरींना घरातच शी-शू करता यावी म्हणून विकायला काढलेली माती. मांजर चोवीस तास घरात राहू शकली ती या मातीमुळे. स्वस्त दुकानांतून प्लॅस्टिकच्या नारळाच्या झाडासकट लहान कासवं मिळू लागली. मुलं ती तोंडात घालत, त्यातून साल्मोनेला पसरला आणि १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर सरकारनं बंदी आणली. मुंबईच्या दुकानांत काचेच्या टाकीत दिसणारं लाल कानाचं कासव हे तेच.

गावाकडे वेगळं चाललं होतं. फोर-एच नावाच्या, शेतीकाम शिकवणाऱ्या मंडळांतली मुलं वासरू किंवा डुक्कर वाढवतात, त्याला नाव ठेवतात, आंघोळ घालतात, काउंटीच्या जत्रेत मिरवतात आणि त्याच जत्रेत लिलावात खाटकाला विकतात. शहरी माणसाला हे ऐकून कसंतरी होतं. मला ते एंजेलसाहेबांच्या गोष्टींपेक्षा प्रामाणिक वाटतं. निदान ताटात काय आलं हे त्या मुलाला कळतं.

आता निक्सनच्या भाषणाआधी दहा वर्षं, त्यांच्याच कॅलिफोर्नियात चला. फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्ट यांनी, म्हणजे थिओडोर नव्हे, नंतरचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी, आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत हलवायचं ठरलं. त्यातले बहुसंख्य जन्मानं अमेरिकन नागरिक. विजेच्या खांबांवर नोटिसा लागल्या: अंथरूण आणा, कपडे आणा, ताटं-चमचे आणा. आणि एक ओळ, कोणत्याही प्रकारचा पाळीव प्राणी चालणार नाही. हाताशी दिवस मोजकेच. कुणी कुत्रा शेजाऱ्याकडे दिला, कुणी सोडून दिला, कुणी मारून टाकला. मग ती मुलं कुठे गेली? अनेक जणांना आधी सांता अनिता आणि टॅनफोरान इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवर नेलं. तबेले झाडून, चुना फासून त्यात कुटुंबं ठेवली. कुत्रा नेता आला नाही, पण झोपायला घोड्याचा ठाण मिळाला. चेकर्ससाठी डोळे पुसणाऱ्या देशानं हे पाहिलं होतं आणि त्याबद्दल तारा पाठवल्या नव्हत्या.

मुलाचं हे नातं कायद्याच्या लेखी यायला २००६ उजाडावं लागलं. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालं. स्टेडियममधून लोकांना बसमध्ये चढवताना एका लहान मुलाच्या हातातला कुत्रा पोलिसानं काढून घेतला. 'स्नोबॉल, स्नोबॉल' असं ओरडत तो मुलगा उलटी होईपर्यंत रडला. बातमी देशभर गेली. प्राणी सोडून यायला नकार देणारे लोक पाण्यातच अडकून राहिले, हेही लक्षात आलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा झाला: राज्यांना केंद्राची मदत हवी असेल तर आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राणी असलेल्या कुटुंबांचा विचार केलाच पाहिजे.

आता पाळीव म्हणजे कोण, याचीही सरकारी व्याख्या आली. कुत्रा, मांजर, पक्षी, ससा, उंदराच्या जातीचे प्राणी यात बसतात. साप, बेडूक, मासे बसत नाहीत. शेतावरची जनावरं बसत नाहीत, म्हणजे फोर-एचच्या मुलीचं नाव ठेवलेलं डुक्कर बाहेर आणि क्वेंटिनचं तट्टूही बाहेर. सरपटणाऱ्यांपैकी एकालाच सूट आहे. कासवाला.