पतंगाचा जीनोम आणि काउंटरवरची बाटली

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'अळीवाले सर' म्हटलं. चालेल, घरचे याहून वाईट म्हणतात. (हशा)

विषय आहे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या पतंगाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा अख्खा मजकूर. पिंपळगावची मंडळी मागे बसलीत, त्यांना या पाहुणीची ओळख नको. टोमॅटोत तोंड खुपसून निम्मं अंग बाहेर ठेवते ती हिरवी अळी म्हणजे याच पतंगाचं पोर. हरभऱ्यातली घाटेअळी हीच. कपाशीची गुलाबी ती वेगळी, तिची गल्लत करू नका.

पण आधी माझं एक दुखणं ऐका. गेल्या हंगामात भाच्याबरोबर एका कृषी सेवा केंद्रात गेलो. भाचा म्हणाला, "शेठ, सायपरमेथ्रीनने अळी हलतसुद्धा नाही." दुकानदाराने मान वर न करता लॅम्डा सायहॅलोथ्रीन काढलं. "हे मारा. पावर आहे." मी विचारलं, यानेही नाही मेली तर? "मग डेल्टामेथ्रीन." बाटल्या वेगळ्या, झाकणांचे रंग वेगळे, भाव तर फारच वेगळे. पण तिन्ही सिंथेटिक पायरेथ्रॉइड, एकाच गटातली औषधं! अळीच्या मज्जातंतूतलं सोडियमचं दार उघडं अडकवून ठेवायचं, एवढंच तिघांचं काम. म्हणजे ताट बदलून तीच भाजी वाढायची. दुकानदाराला तरी किती बोलणार? उधारीवर माल तोच देतो. पण गट कोणता हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. द्राक्षाला मात्र आपण चोख असतो, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ते तोंडपाठ, कारण युरोपातून कंटेनर परत येतो. टोमॅटोला? "दे काहीतरी भारी!"

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, जीनोम. ऑस्ट्रेलियाची सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओ आणि इतर संस्थांनी मिळून तो 2017 मध्ये प्रसिद्ध केला. डीएनएची साधारण 34 कोटी अक्षरं, माणसाच्या नवव्या हिश्श्याएवढी. जनुकं मात्र 17 हजारांवर, आपल्यापेक्षा थोडीच कमी. शेतातल्या पतंगात आईकडची आणि बापाकडची प्रत इतकी निराळी असते की तुकडे जुळवताना संगणक गोंधळतो, म्हणून प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या पोसलेले पतंग घेतले. चव ओळखणारी जनुकं निघाली दोनशेवर, विषं मोडणाऱ्या पी-450 कुळातली शंभरावर. टोमॅटो, तूर, मका, झेंडू, हिला सगळं चालतं त्याचं बरंचसं कारण इथे आहे.

मुख्य मुद्दा घाईत सांगतो, माफ करा. 2012 मध्येच जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं होतं की शेजारशेजारची दोन पी-450 जनुकं, जोडीच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होताना, सरकून जुळली. एकाचं पुढचं टोक, दुसऱ्याचं मागचं, आणि तिसरंच जनुक तयार झालं. मूळ दोघांना जमत नव्हतं ते याला जमतं: फेनव्हलरेट मोडणं. तेही पायरेथ्रॉइडच. आपण एकच गट फवारत राहिलो की हे जनुक असलेली तेवढी उरते आणि हजारभर अंडी घालते. ब्राझीलमध्ये ही अळी 2013 मध्ये नोंदली गेली. तिथल्या भाऊबंद जातीशी संकर झाला आणि हे जनुक तिकडेही पोचलं.

औषधांच्या गटांचा तक्ता दाराशी ठेवलाय, फवारणीच्या वहीत चिकटवा. मादीच्या वासाने नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांचं राहिलंच, ते प्रश्नोत्तरांत विचारा. फक्त "सर, कोणतं मारू?" एवढं विचारू नका.