इंजिनाच्या कॉम्प्युटरला हात कधी लावायचा?

मंडळी, मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "माझ्या गाडीसाठी नवीन सॉफ्टवेअर आलंय म्हणतात, टाकून घेऊ का?" मी उलट विचारतो, गाडीला होतंय काय? काहीच होत नसेल आणि कंपनीकडून रिकॉलही (दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) निघालेला नसेल, तर आहे ते राहू द्या. मोबाइलची सवय झाल्यामुळे 'नवं ते चांगलं' असं आपण धरून चालतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीएमचं, तसं नाही.

ईसीएममध्ये मुख्यतः तक्ते असतात. इंजिनाचे फेरे इतके, भार इतका, पाणी इतकं तापलेलं. मग इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची. या आकड्यांना कॅलिब्रेशन म्हणतात. पूर्वी ते बदलायचे तर चिप उपसून दुसरी बसवावी लागे. आता डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र जोडलं की काम होतं.

कंपनी हे आकडे पुन्हा का बदलते? कारण गाडी हजारो लोकांच्या हातात गेल्यावर जे दिसतं, ते चाचणीत दिसलेलं नसतं. कधी प्रकरण गंभीर असतं. 2014 साली टोयोटाने सुमारे 19 लाख प्रियस परत बोलावल्या. हायब्रिड यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमुळे काही ट्रान्झिस्टर प्रमाणाबाहेर तापत होते आणि गाडी चालता चालता बंद पडण्याची शक्यता होती. उपाय होता नवं सॉफ्टवेअर. असा रिकॉल निघाला की विचार करत बसायचं नाही, वेळ घेऊन काम करून टाकायचं.

खरी गंमत मधल्या प्रकारात आहे. रिकॉल नाही, पण कंपनीने सर्व्हिस सेंटरांना तांत्रिक पत्रक पाठवलंय: अमुक मॉडेल, अमुक लक्षण, त्यासाठी नवीन कॅलिब्रेशन. पी0420 हा कोड, म्हणजे ईसीएमने नोंदवलेल्या बिघाडाचा क्रमांक, घ्या. कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला डबा, नीट काम करत नाही, असा त्याचा अर्थ. कन्व्हर्टरच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो, मागे दुसरा. पुढच्याचा आलेख सतत वर-खाली नाचतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागच्याचा बराचसा सपाट राहतो. मागचाही नाचायला लागला की ईसीएम चेक लाइट लावतो. आता 'किती नाचला म्हणजे बिघाड' ही मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली असते. ती फार कडक ठेवली गेली असेल, तर चांगल्या कन्व्हर्टरवरही दिवा लागतो. अशा वेळी अपडेट हाच इलाज, आणि कन्व्हर्टर बदलण्याचा मोठा खर्च वाचतो.

पण तोच कोड सायलेन्सरचा जोड गळत असेल तरी येतो, आणि कन्व्हर्टर खरोखरच संपला असेल तरी येतो. तिथे सॉफ्टवेअर काय करणार? म्हणून क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. आधी तपासणी: गळती, सेन्सर, वायरिंग, ईसीएम ठरलेल्यापेक्षा इंधन किती टक्के कमी-जास्त सोडतोय ते. मग पत्रकातलं लक्षण आपल्या लक्षणाशी जुळतं का, आणि आपल्या ईसीएममधला कॅलिब्रेशन नंबर पत्रकात दिलेल्या जुन्या नंबरांत बसतो का, ते पाहायचं. तो नंबर बऱ्याच स्कॅनरवर (गाडीतले कोड वाचणाऱ्या यंत्रावर) वाचता येतो. दोन्ही जुळलं तरच पुढे. "काही सापडत नाही, अपडेट मारून बघू" म्हणणारा मेकॅनिक भेटला, तर त्याला काही सापडलेलं नाही एवढंच त्यातून कळतं.

आणखी एक: अपडेट करताना साठवलेले कोड बहुधा पुसले जातात. कोड आला त्या क्षणाची नोंद, म्हणजे फेरे, वेग, तापमान, हीसुद्धा जाते. ती आधी लिहून घ्या.

प्रत्यक्ष काम चालू असताना बघण्यासारखं असतं. इग्निशन चालू, इंजिन बंद. डॅशबोर्डवर नको नको ते दिवे लागतात, अनेक गाड्यांमध्ये रेडिएटरचा पंखा आपोआप पूर्ण वेगाने फिरायला लागतो. मालक घाबरतो. घाबरायचं कारण नाही. ईसीएम त्या वेळी कोणाशी बोलत नसतो, म्हणून बाकीचे कॉम्प्युटर तक्रार करतात. ते कोड शेवटी पुसायचे असतात. मात्र हा पंखा बॅटरी ओढतो, आणि खरा धोका तिथेच आहे. मध्येच व्होल्टेज खाली गेलं तर अर्धवट लिहिलेला ईसीएम हातात राहतो. बऱ्याचदा पुन्हा लिहून तो जिवंत होतो, नेहमीच होतो असं नाही. म्हणून चांगल्या वर्कशॉपमध्ये स्थिर व्होल्टेज देणारा पुरवठा जोडतात. साधा चार्जर त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याचं व्होल्टेज हेलकावे खातं. बॅटरी थकलेली असेल तर आधी ती बदला. दिवे, ब्लोअर, टेप बंद. आणि कोणी मध्येच दरवाजे उघडझाप करू नये, किल्लीला तर हातच लावू नये.

काम झाल्यावर पहिले काही दिवस आयडलिंग थोडं हलेल, ऑटोमॅटिक असेल तर गिअर वेगळे पडल्यासारखे वाटतील. ईसीएमने शिकलेली जुळवाजुळव बहुतेक वेळा पुसली जाते, ती तो पुन्हा शिकतो. प्रदूषणाची तपासणी जिथे डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधून होते, तिथे लगेच जाऊ नका. आतल्या स्वयंचाचण्या पूर्ण झालेल्या नसतात आणि गाडी परत पाठवतात.

जुनं सॉफ्टवेअर परत टाकून द्या, असं नंतर म्हणता येईल का? कंपनीच्या यंत्रणेतून सहसा नाही. एखाद्या अपडेटने चेक लाइट गेला पण पिकअप जरा मंद वाटतो, अशी तक्रार ऐकू येते, आणि दर वेळी तो मनाचा खेळ असतो असं मी म्हणणार नाही. प्रदूषणासाठी आकडे बदलले की चालवण्यात फरक पडू शकतो. म्हणून पत्रकात नेमकं काय बदललंय ते आधी वाचायला मागा.

आणि ज्यांनी बाहेरून ट्यूनिंग करून, म्हणजे ईसीएममधले आकडे बदलून, घेतलंय त्यांच्यासाठी: कंपनीचं अपडेट ते पुसून टाकतं. सर्व्हिस सेंटरला गाडी देतानाच हे सांगा, आणि ट्यूनिंगवाल्याकडे तुमची फाइल शिल्लक आहे का, ते त्याआधी विचारून घ्या.