अमेनहोतेपच्या पोथीचे तुकडे

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन इजिप्तमध्ये ऐपतदार माणूस गेला की त्याच्यासोबत थडग्यात पपायरसची, म्हणजे त्या काळच्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाची, एक गुंडाळी ठेवत. तिला आज आपण 'मृतांचं पुस्तक' म्हणतो. परलोकात मृताचं हृदय तराजूत तोललं जाणार, दुसऱ्या पारड्यात मात देवीचं, म्हणजे सत्याचं पीस. त्या वाटेवर कामी येणारे मंत्र या गुंडाळीत लिहिलेले असत. आता माझी आवडती गोष्ट ऐका.

साल 2012. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड म्युझियममध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ममींचं प्रदर्शन भरलं होतं. त्यानिमित्त लंडनहून ब्रिटिश म्युझियमचे इजिप्ततज्ज्ञ डॉ. जॉन टेलर आले होते. ब्रिस्बेनकरांच्या स्वतःच्या संग्रहातला पपायरसचा एक तुकडा तिथे मांडलेला होता. टेलरसाहेबांनी त्यावरचं नाव वाचलं आणि ते थबकले. अमेनहोतेप! इजिप्तमधल्या कर्नाकच्या अमून देवाच्या देवळाचा मुख्य बांधकाम अधिकारी, सुमारे 3400 वर्षांपूर्वीचा. त्यांनी लगेच विचारलं, आणखी तुकडे आहेत का? कोठारातून तुकडे आले, एकदोन नव्हे, शंभराच्या घरात! आणि त्यांतल्या एकावर मजकूर होता गुंडाळीच्या बाहेरच्या बाजूला. पुन्हा सांगतो, बाहेरच्या बाजूला. असं फार क्वचित आढळतं. तिथे त्यांची खात्री पटली. अमेनहोतेपच्या 'मृतांच्या पुस्तका'च्या ज्या पोथीचे इतर तुकडे लंडन, न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या संग्रहालयांत आहेत, तिचाच हा हरवलेला भाग होता. जवळजवळ शतकभर तो ब्रिस्बेनमध्ये होता!

यात तिथल्या माणसांचा दोष मी मानत नाही. त्यांनी ते तुकडे जपले, हेच मोठं काम. वाचणारा डोळा तेवढा तिथे पोचला नव्हता. म्हणून माझं ठाम मत आहे, संग्रहालयांनी बाहेरच्या अभ्यासकांना कोठारं मोकळ्या मनाने दाखवावीत. आणि शाळेच्या सहलीत मुलांना दालनांतून पळवू नका हो! एकाच कपाटापुढे अर्धा तास बसू द्या, बघू द्या, चित्र काढू द्या.

असो. हे तुकडे जुळवतात कसे? पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवून दाबलेल्या. त्यामुळे प्रत्येक पानाच्या धाग्यांची ठेवण वेगळी. धागे जुळले, लेखनिकाचं अक्षर जुळलं, मंत्राची ओळ पुढे सरकली, की तुकड्याची जागा सापडते. मूळ तुकडा प्रवासाला पाठवायची गरज नाही, चारही शहरांतले फोटो शेजारीशेजारी मांडले की काम सुरू करता येतं.

नमस्कार.