नाक मुरडण्याआधी

आजच्या आस्वादासाठी मी ‘टीचर्स हायलँड क्रीम’ ही स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, मुद्दाम निवडली आहे. ती स्कॉचमध्ये स्वस्त गणली जाते, तिच्यावर वयाचा आकडा नाही, आणि ‘ब्लेंडेड’ हा शब्द वाचताच सिंगल माल्टचे, म्हणजे एकाच डिस्टिलरीतल्या माल्ट व्हिस्कीचे, भोक्ते नाक मुरडतात. ते मुरडण्याआधी एकदा पेल्यात घालावे, एवढीच माझी विनंती आहे.

ब्लेंड म्हणजे भेसळ नव्हे. मोड आणलेल्या सातूपासून तांब्याच्या हंड्यात गाळलेली माल्ट व्हिस्की आणि गहू किंवा मक्यापासून उंच स्तंभात अखंड गाळलेली हलकी ग्रेन व्हिस्की यांचा तो मेळ असतो. हा स्तंभ एनिअस कॉफी याने १८३० मध्ये पेटंट केला. पुढे १८६० च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच गोदामात या दोन्ही मिसळण्याची मुभा मिळाली आणि एडिंबरो-ग्लासगोच्या व्यापाऱ्यांचे नशीब उघडले. त्यांपैकी ग्लासगोच्या विल्यम टीचरच्या गुत्त्यांत धूम्रपानाला सक्त मनाई होती. गंमत अशी, की त्याच्या घराण्याच्या व्हिस्कीचा प्राणच धूर आहे. त्यांनी १८९८ मध्ये ॲबर्डीनशरमध्ये उभारलेल्या आर्डमोर डिस्टिलरीत पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेला सातू वापरतात, आणि तिथली माल्ट या ब्लेंडचा कणा आहे.

आता पेला हातात घ्या, पण तो उजेडात धरून गंभीर चेहरा करू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालण्यास कायद्याची परवानगी असल्यामुळे गडद रंगावरून काहीच सिद्ध होत नाही. वयाचा आकडा नसला, तरी स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरल्याशिवाय कोणतीही व्हिस्की स्कॉच म्हणवून घेऊ शकत नाही.

तोंड किंचित उघडे ठेवून हुंगा, म्हणजे अल्कोहोलचा झटका नाकात चढणार नाही. मला आधी मध आणि पिकत आलेल्या नासपतीचा गोडसर वास येतो. त्यामागून, रात्री विझवलेल्या चुलीपाशी सकाळी रेंगाळतो तसा, थंड धूर येतो. आपल्याकडच्या बाटलीत अल्कोहोल ४२.८ टक्के असते. हा विचित्र वाटणारा आकडा म्हणजे जुन्या ब्रिटिश मोजमापातले ७५ प्रूफ. ब्लेंड जुळवणारे जाणकार मात्र नमुना पाणी घालून सुमारे २० टक्क्यांवर आणून हुंगतात. तेव्हा चमचाभर साधे पाणी घाला. धुरकट वासाला कारण असलेल्या ग्वायाकॉलचे रेणू पाणी वाढल्यावर पृष्ठभागाशी जमतात, असे २०१७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे मांडले. बर्फ मात्र नको, कारण गारव्याने वास दबतो आणि आपण आलो आहोत ते वासासाठीच.

घोट घेतल्यावर उणिवाही कळतात. मध्यावर ग्रेनचा कच्चा तिखटपणा जाणवतो, जिभेच्या मुळाशी कडवट चव उरते आणि शेवट फार लवकर आटोपतो. याच किमतीच्या आसपास याहून गुळगुळीत स्कॉच मिळतात, हे मी नाकारत नाही. त्यांच्यात हा धूर मात्र क्वचितच सापडतो. खात्री करायची असेल, तर आज रात्री पेला विसळू नका. तो तसाच ठेवून सकाळी पुन्हा हुंगा.