खजर गेले कुठे?

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? बरं.

हा विषय कुठून आला ते आधी सांगतो. आमच्या कॉलेजच्या बॅचचा एक ग्रुप आहे, सगळे साठीच्या पुढचे, सकाळी गुड मॉर्निंगची फुलं आणि दुपारी जगाचं राजकारण. दोनेक महिन्यांपूर्वी त्यावर एक नकाशा आला. कॅस्पियन समुद्राच्या वरून एक जाडजूड लाल बाण निघालेला, थेट पोलंडपर्यंत, आणि खाली लिहिलेलं की आजचे ज्यू हे खरे ज्यू नाहीतच, ते खजर आहेत, नकली आहेत, शाळेत तुम्हाला हे कधी शिकवणार नाहीत वगैरे वगैरे. मी खाली लिहिलं, हे चूक आहे. लगेच दोघांनी विचारलं, कशावरून? आता प्रश्न रास्तच आहे, मी आयुष्यभर जनुकशास्त्र शिकवलं, पोरांना हेच विचारायला सांगितलं, मग मला विचारलं तर राग कशाला यावा. पण मोबाईलवर अंगठ्याने एवढं सगळं टाईप करणं काही होईना, म्हणून आज इथे.

तर पहिली गोष्ट, खजर ही थाप नाहीये. होते ते. सातव्या ते दहाव्या शतकात व्होल्गा नदीच्या खालच्या भागात, काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या मधल्या पट्ट्यात तुर्की भाषा बोलणाऱ्या या लोकांचं मोठं राज्य होतं, राजधानी अतिल. आणि त्यांच्या राजाने, सरदारांनी ज्यू धर्म घेतला असं बऱ्याच जुन्या लेखांत येतं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ साली एका शेतात चांदीचा प्रचंड साठा सापडला, ६७ किलो, १४ हजारांच्या वर नाणी, त्यात खजरांचं एक नाणं निघालं. दिसायला अगदी अरबी दिरहम, अक्षरंही अरबी, पण त्यावर कोरलंय 'मूसा हा अल्लाहचा प्रेषित'. मूसा म्हणजे मोझेस. काळ साधारण ८३८. म्हणजे बघा, शेजाऱ्यांची नाण्याची पद्धत उचलायची, बाजारात चाललं पाहिजे ना, पण मजकुरात आपलं म्हणणं घुसवून द्यायचं. मला हे नाणं फार आवडतं.

आता किती लोकांनी धर्म बदलला? इथेच मेख आहे. दहाव्या शतकातला अरब लेखक अल मसूदी सांगतो की अतिलमधे सात न्यायाधीश होते. दोन मुसलमानांसाठी, दोन तोराप्रमाणे, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाप्रमाणे, न्याय करणारे, दोन ख्रिश्चनांसाठी आणि उरलेल्या मूर्तिपूजकांसाठी एक. त्याच शतकातला अल इस्तखरी तर सरळ म्हणतो की राजा ज्यू आहे पण तिथल्या सगळ्या धर्मांत ज्यूंचा गट सगळ्यात लहान. म्हणजे दरबाराने धर्म घेतला, अख्ख्या मुलखाने नाही. काही इतिहासकार तर धर्मांतर झालंच नव्हतं म्हणतात, ते मला जरा जास्त वाटतं, पण असो. ९६५ च्या सुमारास कीवचा राजा स्व्यातोस्लाव याने हे राज्य मोडलं आणि खजर हे नाव हळूहळू पुसलं गेलं.

मग एवढ्या तुकड्यावरून 'सगळे युरोपियन ज्यू खजर' हे आलं कुठून? गंमत अशी की सुरुवात शिव्या देणाऱ्यांनी केलेली नाही. १८८३ साली पॅरिसमधे एर्नेस्त रनाँ या विद्वानाने व्याख्यान दिलं, त्याचं म्हणणं ज्यू हा वंश नाही, धर्म आहे, आणि त्याच्या ओघात तो बोलून गेला की रशियाच्या दक्षिणेचे ज्यू बहुतेक खजरांचे वंशज असतील. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत पूर्व युरोपातून येणारी माणसं नको झाली तेव्हा ही कल्पना तिथे कामाला लावली गेली, हे लोक बायबलमधले नव्हेत, हे आशियातले कोणीतरी, यांना कशाला घ्यायचं. मग १९७६ मधे आर्थर कोस्लर. तो स्वतः बुडापेस्टचा ज्यू, त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि हेतू काय, तर हे लोक सेमिटिक, म्हणजे मध्यपूर्वेच्या मुळाचे, नाहीतच असं दाखवलं की ज्यूद्वेषाची हवाच निघून जाईल. हवा निघाली? छे. ज्यांच्या हातातली काठी काढून घ्यायला निघाला त्यांनाच दुसरी काठी देऊन बसला. आधी म्हणायचे तुम्ही परके, तुमच्या पॅलेस्टाईनला जा. आता म्हणतात तुम्ही पॅलेस्टाईनचे नाहीच. वंशावळ उलटी केली तरी शिवी तीच राहिली. २०२२ मधे युक्रेनचं युद्ध सुरू झालं तर 'खजर माफिया' म्हणून तोच माल नवीन पाकिटात, आणि २०२३ मधे पॅलेस्टिनी नेते महमूद अब्बास यांनीही एका भाषणात हेच ऐकवलं. आता इस्रायल सरकारबद्दल तुमचं मत काय असायचं ते असू दे, कितीही कडक असू दे, ते मांडायला खोटी वंशावळ लागत नाही.

बरं, तपासायचं कसं. मी आधी भाषेकडे जातो, तिला लॅब लागत नाही. पूर्व युरोपच्या ज्यूंची भाषा यिद्दिश. लिपी हिब्रू, पण हाडं जर्मन, त्यात हिब्रू आणि अरामीचे शब्द, पोलिश-युक्रेनियनचे शब्द. आणि तळाशी काही फार जुने शब्द आहेत, आशीर्वाद देणे म्हणजे 'बेन्चन', तोरा वाचणे म्हणजे 'लेयनेन'. हे लॅटिनमधून आलेत, म्हणजे हे लोक जर्मन बोलायच्या आधी इटली-फ्रान्सच्या बाजूच्या भाषा बोलत होते. आपण बटाटा म्हणतो, पाव म्हणतो, चावी म्हणतो, पोर्तुगीज किनाऱ्यावर होते हे त्यासाठी कोणी पुस्तक उघडून सांगायला नको, जिभेवरच आहे. तसंच हे. खजर जर या समाजाचा पाया असते तर तुर्की शब्द घरातल्या, स्वयंपाकातल्या, देवाधर्माच्या बोलण्यात खच्चून भरलेले असते, ते नाहीत. एखाददुसरा तुर्की शब्द तर आपल्याकडेही आहे, तोफ आहे, कैची आहे, म्हणून आपण काय तुर्क झालो?

मग कबरी. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी वर्म्स नावाचं गाव आहे, तिथल्या ज्यू कबरस्तानातला वाचता येणारा सगळ्यात जुना दगड १०५८-५९ चा. कोलोनमधे तर ३२१ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा हुकूम आहे की ज्यूंना नगर परिषदेवर घेता येईल, तेव्हा खजरांचं राज्य जन्मालाही यायचं होतं. नंतर १०९६ च्या क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिश्चनांनी, केलेल्या कत्तली, १३४८-४९ च्या प्लेगचा आळ ज्यूंवर घालून झालेली जाळपोळ, या सगळ्यातून माणसं पूर्वेला सरकत गेली, पोलंडमधे १२६४ मधे ज्यूंना संरक्षण देणारी कालिशची सनद होती, तिथे जरा निवारा होता. म्हणजे बाण आहे, पण फॉरवर्डमधल्या बाणाच्या बरोब्बर उलटा.

इथे नेहमी एक शंका येते, कोस्लरलाही होती, की ऱ्हाइनकाठचे मूठभर लोक आणि पुढे पूर्व युरोपात लाखो कसे झाले? अहो चक्रवाढ व्याज आठवा. समजा १५०० साली ५० हजार माणसं आहेत आणि दर साठ वर्षांनी दुप्पट होतात, तर चारशे वर्षांत ५० लाख होतात. करून बघा घरी.

आता माझं क्षेत्र. २०१३ च्या आसपास एरान एल्हाइक या शास्त्रज्ञाचा पेपर आला, त्याने खजर बरोबर आहेत असं म्हटलं, आणि फॉरवर्डवाले तोच पेपर नाचवतात. पण त्यात खजरांचे नमुने आले कुठून? खजर तर उरलेच नाहीत, म्हणून त्यांच्या जागी आर्मेनियन आणि जॉर्जियन लोक घेतले. आता आर्मेनियन लोक जनुकांनी मध्यपूर्वेला मुळातच जवळचे, मग ज्यू त्यांच्याजवळ दिसले यात नवल ते काय. त्याच वर्षी दुसऱ्या मोठ्या टीमने १०६ समाजांचे १,७७४ नमुने एकत्र करून पाहिलं, खजरांच्या मुलखातल्या आजच्या लोकांकडे अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपच्या, ज्यूंचा म्हणून वेगळा कल काही दिसला नाही. २०१४ च्या अभ्यासात १२८ अश्केनाझींचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले, त्यातून असं निघालं की सहाशे-आठशे वर्षांपूर्वी हा समाज जनुकांच्या हिशोबाने फक्त साडेतीनशे माणसांएवढ्या चिंचोळ्या गल्लीतून गेला. खजरांची लाट आली असती तर ही गल्ली एवढी अरुंद दिसली नसती.

मला स्वतःला पटलेला पुरावा मात्र एका चुकीचा आहे. पेपर तपासणाऱ्यांना माहीत आहे, दोन पोरांचं उत्तर बरोबर आलं तर कॉपी म्हणता येत नाही, पण दोघांची चूक एकाच जागी, एकसारखी, तर दोघं एकाच वहीतून आलेत. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेलं बीआरसीए-१ म्हणून जनुक आहे, त्यात एका ठरावीक जागी डीएनएची दोन अक्षरं गळलेली, ए आणि जी. ही गळती अश्केनाझी बायकांमधे सापडते, आणि तीच, आजूबाजूच्या मजकुरासकट, इराकच्या ज्यूंमधे सापडते. इराकचे ज्यू म्हणजे बगदादवाले, पुण्यात लाल देऊळ हे ज्यू प्रार्थनास्थळ बांधणारे ससून तिथलेच. व्होल्गाशी त्यांचा संबंध काय? काही नाही. ती चूक दोन्हीकडचे लोक वेगळे व्हायच्या आधीची आहे.

आणि आता तर जुनी हाडंच बोलायला लागलीत. जर्मनीत एर्फुर्टला १४५४ मधे ज्यूंना हाकललं आणि त्यांच्या कबरस्तानावर धान्याचं कोठार बांधलं. २०१३ मधे त्या कोठाराचं पार्किंग करायचं ठरलं तेव्हा खालून सांगाडे निघाले. ज्यू धर्मात कबर उकरणं चालत नाही, पण तिथल्या ज्यू समाजाने सुटे झालेले दात तपासायला परवानगी दिली, फक्त दात. ३३ जणांचे नमुने निघाले, चौदाव्या शतकातले. आजच्या अश्केनाझींसारखेच निघाले ते, मध्यपूर्व अधिक दक्षिण युरोप, काहींमधे थोडा पूर्व युरोप. इंग्लंडमधे नॉरविचला २००४ मधे शॉपिंग सेंटरच्या कामात एका जुन्या विहिरीत निदान १७ जणांची हाडं सापडली, ११ लहान मुलं, डोकं खाली करून टाकल्यासारखी. डीएनए केला तर तीन सख्ख्या बहिणी निघाल्या, त्यातली एक दहाच्याही आतली. बहुतेक फेब्रुवारी ११९० च्या दंगलीतले. यांची जनुकंही अश्केनाझींच्या जवळची. फॉरवर्डवाल्या लाल बाणाला नॉरविचपर्यंत वाकवून दाखवा मला कोणीतरी.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. काही भले लोक या थापेला उत्तर म्हणून 'ज्यू दोन हजार वर्षं शुद्ध रक्ताचे' असं सांगायला जातात, तेही खोटं आहे, आणि मला तर ते जास्त खटकतं. अश्केनाझींच्या आईकडच्या रेषा मोठ्या प्रमाणात युरोपियन आहेत असं २०१३ च्या एका अभ्यासात निघालं, त्यावर वाद आहे, पण मिसळ झाली याबद्दल वाद नाही. बायबलमधे रूथ मोआबी, बाहेरची, आणि राजा दाविद तिचा पणतू. या लोकांनी ते लपवलेलं नाही, सणाला वाचतात. आपले कोकणातले ज्यू, बेने इस्रायल बघा, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली, नवगावला जहाज फुटलं त्यातून वाचलेली सात जोडपी ही त्यांची कथा. २०१६ मधे त्यांचे जीनोम पाहिले तर मध्यपूर्वेचा धागा आहे आणि इथलाही भरपूर आहे. इस्रायलला गेल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फतवा काढला की यांच्याशी लग्न लावताना आजी-पणजीपर्यंत चौकशी करा. दिवेकर, पेणकर, तळकर अशा आडनावांची माणसं रस्त्यावर बसली, १९६४ मधे तिथल्या सरकारने, संसदेने सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, तेव्हा कुठे तो विषय मिटला. कोणत्याही डीएनए टेस्टशिवाय.

एक प्रश्न आधीच चिठ्ठीवर आलाय, अरबही सेमिटिक मग ते अँटिसेमिटिक कसे? तर सेमिटिक हे भाषांच्या कुटुंबाचं नाव, आणि अँटिसेमिटिझम हा शब्द १८७९ मधे विल्हेल्म मार या जर्मन माणसाने चालवला तो ज्यूंच्या विरोधाला भारदस्त नाव हवं म्हणून. त्याच्या डोक्यात अरब नव्हतेच.

हां, त्या पलीकडच्या ताई काय विचारतायत? मग खजर गेले कुठे? चांगला प्रश्न. कुठे जाणार, राज्य मोडलं की माणसं मरत नाहीत, आजूबाजूच्या तुर्की टोळ्यांत, कॉकेशसमधे मिसळली. अतिल नक्की कुठे होतं याचं उत्खनन अजून चालू आहे. पण डॉन नदीवर त्यांचा एक किल्ला होता, सार्केल, भाजलेल्या विटांचा, बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, कारागिरांनी येऊन बांधून दिलेला. तो नीट सापडला, सोव्हिएत लोकांनी खणलाही. मग १९५२ मधे त्सिम्ल्यान्स्कच्या धरणाचं पाणी चढलं. आपल्याकडे उजनीत पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर तरी येतं, सार्केल तेवढंही येत नाही.