आधी हात कामाला लावा, गप्पा आपोआप सुरू होतील

नमस्कार श्रोतेहो, कसे आहात सगळे? आज बोलायचंय ते आजी-आजोबांच्या वयाची माणसं आणि शाळा-कॉलेजातली पोरं यांनी एकत्र येऊन केलेल्या कलेबद्दल, म्हणजे भिंत रंगवणं, नाटक बसवणं, गाणी, बाहुल्या, काहीही.

बऱ्याचदा होतं काय, मुलांनी वृद्धाश्रमात जायचं, दोन गाणी म्हणायची, फोटो काढायचे आणि परत. टाळ्या पडतात, सगळ्यांना बरं वाटतं, पण त्या तासाभरात कुणी कुणाला भेटलेलं नसतं हो. नाहीतर मग मुलांच्या हातात प्रश्नांचा कागद, तुमच्या लहानपणी कसं होतं, आणि समोरचा माणूस म्हणजे जणू जुन्या आठवणींचं कपाटच! त्या माणसाला आज काही नवीन शिकायचंय का, हे विचारायचं राहूनच जातं.

म्हणून मला पोर्तुगालमधल्या लिस्बन शहराचं 'लाता 65' फार आवडतं. 2012 साली सुरू झालेली ही वर्कशॉप्स, म्हाताऱ्या माणसांना चक्क ग्राफिटी, म्हणजे रस्त्यावरच्या भिंतींवर स्प्रेने चित्रं काढणं, शिकवतात. स्टेन्सिल, म्हणजे चित्राचा कापीव साचा, कापायचा, स्वतःची सही तयार करायची आणि मग स्प्रेचा डबा घेऊन खऱ्याखुऱ्या भिंतीपुढे उभं राहायचं. शिकवणारे स्ट्रीट आर्टिस्ट वयाने कितीतरी लहान. इथे कुणी कुणावर उपकार करत नाही, कारण डबा किती लांब धरायचा हे त्या पोरालाच माहितीये आणि भिंतीवर काय काढायचं ते ठरवणार आजी.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या नाट्यकर्मी अ‍ॅन बास्टिंग यांचं. 1990च्या दशकात त्यांनी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेल्या लोकांबरोबर 'टाइमस्लिप्स' हा गोष्टी रचायचा उपक्रम सुरू केला, आणि त्यातली युक्ती किती साधी बघा, एखादं गमतीशीर चित्र दाखवायचं आणि विचारायचं, हा कोण असेल, कुठे निघालाय, याचं नाव काय ठेवू या? जे उत्तर येईल ते लिहून घ्यायचं, अगदी निरर्थक वाटलं तरी, आणि मधूनमधून सगळं परत वाचून दाखवायचं, की झाली गोष्ट तयार. आठवत नाहीये याचं ओझंच राहत नाही, आणि विसराळू माणसाशी बोलायचं काय म्हणून बिचकणारी तरुण मुलंसुद्धा मोकळी होतात.

मला वाटतं, कलेची खरी ताकद इथेच आहे. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून 'बोला' म्हटलं की दोघंही गप्प होतात, पण दोघांची नजर एका कागदावर असली, हाताला रंग लागलेला असला, की बोलणं कधी सुरू झालं ते कळतसुद्धा नाही.

तुमच्या मनात असं काही करायचं असेल तर आधी दोन्ही गटांना वेगवेगळं भेटा. मुलांना भीती असते की काही चुकीचं बोलून बसू, मोठ्यांना भीती असते की ही पोरं आपल्याला हसतील, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकांसमोर कुणी बोलणार नाही. गट छोटे ठेवा, खोलीत आवाज घुमत असेल तर खोली बदला, ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं गोंगाटात हळूहळू बोलायचीच थांबतात. पाठीला टेकू देणाऱ्या खुर्च्या, भरपूर उजेड, टॉयलेट जवळ. आणि एकदाच नको, दर आठवड्याला तीच माणसं, तीच जोडी, निदान दोनेक महिने तरी.

हो, आणि प्रोजेक्ट संपणार कधी ते पहिल्याच दिवशी दोघांनाही स्पष्ट सांगा, कारण सवय झालेली असताना पोरं अचानक यायची बंद झाली तर मोठ्यांना फार लागतं, आणि पोरांनाही. त्यामुळे शेवटच्या प्रदर्शनाच्या दिवशीच पुढच्या भेटीची तारीख ठरवून टाका. चला, येतो, नमस्कार.